खोडण्याआधीचा चेहरा

शुक्रवारी शेवटच्या तासाला करिष्मा मधूनच उठली, कंपासपेटीचं झाकण लावलं, दप्तर खांद्याला अडकवलं आणि वर्गातून चालती झाली. बिभीषणचा खडू तेव्हा फळ्यावरच टेकलेला होता. 'लाइकनेस' हा शब्द लिहून झाला होता, त्यापुढं बरोबरचं चिन्हही काढलं होतं, अर्थ तेवढा लिहायचा राहिला होता. पोरं बाहेर जातात तशी ती गेली नाही. बोट वर करून, पाणी प्यायचंय म्हणून, पोटात दुखतंय म्हणून, यातलं काहीच नाही. चित्रकलेच्या जादा तासाला बसलेली बाकीची अकरा पोरं एकदा दाराकडं आणि एकदा सरांकडं बघत राहिली. बिभीषणनं 'हुबेहूबपणा' असा अर्थ लिहून टाकला. त्याच्याखाली 'टेक्श्चर' लिहिलं, म्हणजे पोत. मग 'हार्मनी' लिहिलं, म्हणजे मेळ. हात चालू होता, पण कान दाराकडं होते. आपण असं काय बोललो? वावगं तर काहीच बोललो नाही. उलट कौतुकच केलं. शब्द नुसते पाठ करून उपयोग नाही, उदाहरण पाहिजे, म्हणून तो म्हणाला होता की करिष्माच्या स्मरणचित्रातली आई आठवा, आधी ती कुणाची आई वाटत होती का? डोकं लिंबाएवढं आणि हात फावड्याएवढे. मी तो चेहरा नीट केला, तेव्हा कुठं त्यात लाइकनेस आली. पोरं हसली होती. तोही हसला होता. वर्गातली सगळ्यात गुणी पोरगी, तिच्या चित्राचं नाव घेतलं तर तिला बरंच वाटेल, असा त्याचा साधा हिशोब होता.

तास सुटल्यावर तिच्या शेजारी बसणारी एक मुलगी टेबलापाशी घुटमळली. सर, तिला आई न्हाई, असं तिनं अगदी हळू सांगितलं. आई नाही म्हणजे काय, असं बिभीषणनं विचारलं तेव्हा ती मुलगी गोंधळली. मेलीय सर, ती पाच वर्षांची होती तवाच, कर्नाटकातल्या कारखान्यावर, ट्रॉलीत मोळी टाकताना फळीवरनं पडून. एवढं सांगून ती निघून गेली आणि बिभीषण फळा पुसायचं डस्टर हातात धरून तसाच उभा राहिला. हे आपल्याला माहीत कसं नव्हतं? माहीत नसायचं कारण अगदी बावळट होतं. माजलगावच्या या शाळेत निम्म्या पोरांच्या अर्जावर आजीचा अंगठा असतो. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पोरं आजीपाशी राहतात, पालकांच्या जागी आजी अंगठा उठवते आणि शाळा कुणाला काही विचारत नाही. करिष्माच्याही अर्जावर आजीचा, भिवराबाईचा अंगठा होता. अंगठा दिसला की आईबाप तोडीला, असं धरून चालायची इथल्या मास्तरांना इतकी सवय झालीय, की पाच वर्षांत त्यानं त्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं, तुझी आई कोणत्या कारखान्यावर असते म्हणून. ज्याची स्वतःची माणसं चकलांब्याहून पिठामिठाचं गाठोडं घेऊन दरसाल तोडीला जायची, त्यानंही विचारलं नव्हतं. धन्य त्या मास्तराची, असं त्याला स्वतःविषयीच वाटलं, आणि त्यात गंमत बिलकूल नव्हती.

श्रावणातली गोष्ट. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा सराव चालला होता आणि स्मरणचित्राला त्यानं विषय दिला होता, शेतात काम करणारी माणसं. बाकीच्यांनी नांगर, बैल, विहीर आणि मागं दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य काढला. दरसाल तोच सूर्य, त्याच डोंगरांमधून. बीड जिल्ह्यात त्या पोरांनी असे डोंगर कुठं बघितले होते देव जाणे. करिष्माच्या कागदावर मात्र एकच बाई होती. कागदाच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत. खाली पाय, मोठे, टाचांच्या भेगांसकट, मग लुगड्याचा ओचा, मग वर उचललेले दोन प्रचंड हात, आणि त्या हातांवर उसाची मोळी, इतकी मोठी की आभाळाला जागाच नव्हती. मोळीच्या खाली, दोन्ही हातांच्या मधे, अगदी लहान असा एक चेहरा. आई हाय, एवढंच ती म्हणाली. बिभीषणनं तो कागद हातात घेतला आणि त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडायला लागले. आउट ऑफ प्रपोर्शन. डिस्टॉर्शन. फिगरची उंची साडेसात डोक्यांएवढी असते, ही तर बारा डोक्यांची झाली. पर्स्पेक्टिव्ह नाही. कॉम्पोझिशन टॉप हेवी. परीक्षक पहिल्या नजरेत गुण कापतील. ती पोरगी मान खाली घालून ऐकत होती. मग त्यानं खोडरबर मागितला. स्वतःच खोडायला घेतलं, कारण वेळ कमी होता आणि कारण त्याला मनापासून वाटत होतं की ही पोर पुढं जावी. चेहरा खोडला. कागदावरचा रबराचा चुरा फुंकून उडवला. आणि त्या जागी, मापात, एक नवा चेहरा काढला. सुरेख झाला होता. आता डस्टर खाली ठेवताना बिभीषणला तो आठवला. सुरेख झाला होता, हेच त्याला सोसेना.

त्या इंग्रजी शब्दांना तो एकवीस वर्षांचा असल्यापासून जपत आला होता. औरंगाबादला कला महाविद्यालयात मुलाखतीला गेला होता तेव्हा त्याच्याकडं होती चित्रं, पिशवीभर. शब्द एकही नव्हता. तीन माणसं टेबलाच्या पलीकडं बसली होती. एकानं विचारलं, तुझ्या कामाची स्टाइल कोणती म्हणशील? त्याला प्रश्न कळला होता. उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यानं खरं सांगितलं, गावाकडची. ती माणसं वाईट नव्हती, हसलीसुद्धा प्रेमानंच, पण हसली. दुसऱ्यानं इंग्रजीत काहीतरी म्हटलं, त्यातला 'क्रूड' एवढा शब्द त्यानं धरून ठेवला आणि बसस्टँडवर येऊन पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या त्याचा अर्थ बघितला. ओबडधोबड. त्या दिवशी त्यानं पहिली वही घेतली. पुढं कलाशिक्षकाची पदविका केली, नोकरी लागली, लग्न झालं, पण वही सुटली नाही. कला आणि शैली यांच्याविषयीचा जो इंग्रजी शब्द दिसेल तो त्यात जायचा. आता चौथी वही चालू होती. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे अमूर्त. मिनिमल म्हणजे कमीत कमी. नाइव्ह म्हणजे भाबडी शैली. माझ्या पोरांवर तरी कुणी हसायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि ते खोटं नव्हतं. सत्यशीला, त्याची बायको, कधी कधी टोकायची. भाजी करपली तरी तुम्हाला कढईत टोन दिसतो, असं ती म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा. आता शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना त्याला वाटलं, हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. करपलेली भाजी त्याला खरंच दिसलेली नसायची.

घरी जायचं सोडून तो मोंढ्याच्या मागच्या रस्त्यानं वस्तीकडं वळला. एक विचार त्यानं घट्ट धरला होता. फोटो असेल. आजकाल कुणाचा फोटो नसतो? आजीकडून तो घ्यायचा, चार दिवस बसायचं आणि त्या बाईचा खराखुरा चेहरा काढून पोरीच्या हातात द्यायचा. माफी वगैरे मास्तराला मागता येत नाही, पण चित्र तर काढता येतं. आपण खोडलं ते आपण परत देऊ, असं तो मनात दोनतीनदा म्हणाला आणि त्याला थोडा धीर आला. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, दोन दोन जोडलेल्या, डांबरावर वाढे, उसाचे हिरवे शेंडे, सांडत. एका ट्रॉलीच्या मागं चिखलाच्या पायांची एक बाई वर चढून बसली होती आणि तिच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं. बिभीषणनं मान वर करून बघितलं, आणि बघता बघता त्याला ते एकदम कळलं. कळलं म्हणजे काय, आठवलं. तो स्वतः तीन हंगाम बांधावर बसून होता. पाच, सहा आणि सात वर्षांचा. पायापाशी भाकरीचं फडकं, वर ऊन, आणि आई, छबुबाई, मोळी घेऊन फळीवरून ट्रकमधे चढायची. खालून काय दिसायचं? टाचा दिसायच्या. मग पोटऱ्या. मग ते हात, वर ताणलेले, लांबच लांब. आणि चेहरा? चेहरा पार वर असायचा, उसाच्या सावलीत, एवढासा. तो हाक मारायचा, ती बघायची नाही, कारण बघितलं तर पाय चुकला असता. करिष्मानं काहीच चुकवलं नव्हतं. पाच वर्षांच्या पोरीनं बांधावर बसून जेवढी आई बघितली तेवढीच तिनं काढली होती, तेवढ्याच मापाची. ते बिभीषणला एका नजरेत ओळखू यायला पाहिजे होतं. या सबंध जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसतं आलं तरी त्याला यायला पाहिजे होतं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं नमस्कार सर म्हटलं, तेव्हा त्यानं धूळ गेल्यासारखं करून रुमाल काढला.

भिवराबाईचं घर वस्तीच्या शेवटाला, पत्र्याच्या दोन खोल्या, दारात शेळी. म्हातारीनं त्याला आवाजावरून ओळखलं. सर आले, सर आले, म्हणत तिनं पोतं झटकून अंथरलं. करिष्मा वाढे आणायला गेली होती, येईल एवढ्यात. बिभीषण उंबऱ्याच्या आत आला आणि जागीच थांबला. समोरच्या भिंतीवर, देवाच्या फळीच्या बाजूला, ते चित्र लावलं होतं. काच बसवून आणलेलं, वर सुकलेल्या झेंडूची माळ, आणि काचेवर बरोबर कपाळाच्या जागी कुंकवाचा ठिपका. खाली ते पाय, ते हात, ती मोळी, करिष्मानं काढलेली, आणि मधे त्यानं काढलेला चेहरा. लांबट, गोरटा, भुवयांची कमान, सरळ नाक, जराशी वळलेली मान. हा चेहरा तो चांगला ओळखत होता. पदविकेला असताना एका पुस्तकातून गिरवून गिरवून हाताला बसलेला चेहरा. त्यानंच रंगवलेल्या शाळेच्या भिंतीवर पाटी घेतलेली मुलगी हीच, अंगणवाडीच्या दारावर बाळाला मांडीवर घेतलेली आई हीच, दवाखान्याच्या कंपाउंडवर पोलिओचा डोस पाजणारी बाई हीच. बाई काढायची म्हटलं की हात आपोआप हिलाच काढायचा, बघावं लागत नव्हतं. मोळी पेलणाऱ्या त्या दांडग्या हातांच्या मधून ही बाई अगदी मजेत, फिरायला निघाल्यासारखी बघत होती.

म्हातारी कौतुक सांगत होती. तुमी लेकराकडनं लई भारी काढून घेतली सर, असं म्हणत तिनं काचेवरून हात फिरवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, धुरकट दिसतं, पण रोज सकाळी दिवा लावताना आधी हिला कुंकू लावते. मनिषा तिची सून, पण पोटच्या लेकीच्या जागी होती. दहा वर्षं झाली, भिंतीवर लावायला काहीसुद्धा नव्हतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी नुसता नारळ मांडून त्यालाच मनिषा म्हणायचो, असं ती सांगत होती. अवघडून बिभीषणनं विचारलं, एखादा फोटो असेल का. म्हातारीनं पत्र्याची पेटी ओढली आणि पिशवीतून एक कागद काढला. आधार कार्डाची झेरॉक्स. मूळ कार्ड तिकडंच कारखान्यावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहिलं, कुणी आणलं नाही. मोबाइल करिष्माच्या बापाकडं होता, साधा, त्यात फोटो निघत नव्हता. बिभीषण तो कागद घेऊन दारात उजेडाला आला. चेहऱ्याच्या चौकोनात काळा डाग होता. कपाळाच्या जागी थोडी करडी छटा, बाकी सगळं काळं. त्यानं कागद तिरपा धरला, लांब धरला, चष्मा काढून जवळ धरला. डागाचा डागच राहिला. म्हातारी मागून म्हणाली की दुकानदारानं लई काळी काढली, आमची मनी एवढी काळी न्हवती.

मग त्यानं शेवटचं म्हणून तिलाच विचारलं. दिसायला कशी होती हो, नाक कसं, डोळे कसे, जरा सांगाल का? भिवराबाई विचारात पडली. सुरुवातीला तिला सोपं वाटलं असावं. होती आपली चारचौघीसारखी, असं ती म्हणाली. कामाला वाघ. कुणाला उलट शब्द नाही. भाकरी लई पातळ थापायची. नाक? नाक होतं की बरं. डोळे, आता डोळे काय सांगू सर, डोळ्यांसारखे डोळे. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. आपल्यालाही ती नीट दिसेनाशी झालीय, हे म्हातारीला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिनं घाईनं चित्राकडं बोट केलं आणि म्हणाली, हीच की हो, अशीच होती, लेकरानं काढलीया म्हणल्यावर अशीच असंल. बिभीषण मान डोलावत राहिला. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही ती नव्हे, ही कुणीच नव्हे. पण ज्या बाईला रोज कुंकू लागतं, तिला भिंतीवरून उतरवायचं कसं? आणि उतरवून तिथं काय लावायचं? त्याला इतकं एकटं औरंगाबादच्या बसस्टँडवरसुद्धा वाटलं नव्हतं.

वाढ्यांचा भारा डोक्यावर आणि दप्तर खांद्याला तसंच घेऊन करिष्मा आली. सर दिसल्यावर दचकली, भारा टाकला, हात ओढणीला पुसले आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. रागाचं काही दिसेना. चुकलं सर, सांगून जायला पाहिजे होतं, असं तिनं खालच्या आवाजात म्हटलं, आणि त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. आजी चहा ठेवायला आत गेली. दोघं दाराबाहेर शेळीपाशी उभे राहिले.  मला माहीत नव्हतं, असं तो कसाबसा म्हणाला. ती म्हणाली, मी कुणाला सांगत न्हाई.  शेळीनं भाऱ्यातले वाढे ओढून चावायला घेतले.

"सर, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमी बघितली हुती ना तिला?"

"कुणाला?"

"आईला. खोडायच्या आधी. तुमी कागद लई वेळ हातात धरलता." ती भराभर बोलायला लागली, खूप दिवस मनात घोळवलेलं असल्यासारखी. "मला आधी डोळे झाकले की दिसायची. तशीच काढली मी. आता डोळे झाकले की तुमची बाई येती. लई परयत्न केला सर. काढायला बसले तरी हात तुमचीच काढतो. आजीला इचारलं तर ती भिंतीकडं बोट करती. मग वाटलं, तुमी बघितलीया. तुमी शेवटचं बघितलीया. कशी हुती?"

आणि तिनं दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं, पेन्सिल घेतली आणि मास्तरानं सांगायची वाट बघत उभी राहिली.

बिभीषणनं डोळे मिटले. श्रावणातला तो कागद त्याच्यापुढं आला, अगदी स्वच्छ. टाचांच्या भेगा आल्या. ओच्याच्या चुण्या आल्या. हातांवरच्या शिरा, मोळीच्या आवळलेल्या बंधाची गाठ, कागदाच्या कोपऱ्यात त्यानं लाल पेन्सिलीनं केलेली खूणही आली. तो वर वर गेला, दोन हातांच्या मधे गेला. तिथं आउट ऑफ प्रपोर्शन होतं. तिथं डिस्टॉर्शन होतं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, हे त्याला तेव्हा खटकलं होतं, पण कोणता? डावा की उजवा? ती बाई बघत कुठं होती? समोर, की खाली, बांधाकडं? तोंड मिटलेलं होतं की ओठ दाताखाली धरला होता? नाकात मोरणी होती का? त्यानं जिवाचा आटापिटा करून आठवलं. हाताला रबराची घसट आठवली, फुंकर आठवली, बाकी काही नाही. खोटं सांगता आलं असतं. शब्दांना काय तोटा होता. गोल होती म्हणावं, सावळी होती, हनुवटीवर गोंदण होतं म्हणावं. ही पोर ते मुकाट्यानं काढील, काच बसवून आणील आणि मरेपर्यंत तिलाच आई म्हणील. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं.

"न्हाई गं," तो म्हणाला. चकलांब्याची ही बोली कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडात आली होती. "म्या बघितलीच न्हाई."

करिष्मानं पेन्सिल कागदावरून उचलली. मग वही मिटली, दप्तरात ठेवली, आणि आजीनं आतून हाक मारल्यावर सरांचा चहा आणायला गेली.